बरणीतली धामण

गेल्या पावसाळ्यात होस्टेलवर एका मित्राने धामण पकडून बरणीत ठेवली. "मी तर हिला वाचवलंय," असं तो म्हणायचा. ना पाणी, ना धड हवा. चौथ्या दिवशी ती मेली. मी बघत होतो, पण बोललो नाही.

नंतर कायदा वाचला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात साप पकडणं म्हणजे शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीने धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत गेली. शिक्षा ३ ते ७ वर्षं. ताब्यातल्या प्राण्याला अन्न, पाणी, निवारा न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने वेगळा गुन्हा. २०१४ साली हायकोर्टाने बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीलाही सूट दिली नाही, मग आपली बरणी कशी सुटेल?

मित्रांनो, साप निघाला तर लांब राहा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. आपल्या बीड जिल्ह्यात तागडगावला जखमी वन्यजीवांसाठी सर्पराज्ञी केंद्रही आहे. आणि कुणाकडे बरणी दिसली, तर माझ्यासारखं गप्प बसू नका.