व्यायामाच्या वेळी नाडी किती असावी?

हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णास घरी पाठविताना नियमित चालण्याचा सल्ला दिला जातो. किती वेगाने चालावे, हा प्रश्न घरी गेल्यावर उभा राहतो आणि नातेवाईक त्याचे उत्तर बहुधा व्यायामशाळेतील तक्त्यात शोधतात.

हा तक्ता एका सोप्या सूत्रावर आधारलेला असतो. २२० मधून वय वजा केले की हृदयाच्या ठोक्यांची प्रतिमिनिट कमाल मर्यादा मिळते. मध्यम व्यायामात त्याच्या ५० ते ७० टक्के ठोके अपेक्षित असतात. साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी हे ठोके ८० ते ११२ होतात. १९७१ साली मांडलेले हे सूत्र मुळातच ढोबळ आहे. २००१ साली तनाका व सहकाऱ्यांनी सुचविलेल्या सूत्रात वयाला ०.७ ने गुणून तो गुणाकार २०८ मधून वजा करतात. सत्तरीच्या व्यक्तीची कमाल मर्यादा पहिल्या सूत्राने १५० येते, दुसऱ्याने १५९. शिवाय समवयस्क निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक स्वाभाविकच असतो.

खरी अडचण औषधांची आहे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयाची गती मुद्दामच मंद ठेवतात. अशा रुग्णाची ९५ ठोक्यांनाच पुरेशी दमछाक झालेली असू शकते. ‘अजून ११२ झाले नाहीत’ म्हणून त्यास वेग वाढविण्याचा आग्रह करणे, हे प्रेमापोटी असले तरी घातक आहे. नाडी मंद दिसते म्हणून गोळी परस्पर बंद करणे तर त्याहून घातक.

अशा रुग्णांची मर्यादा नेहमीची औषधे चालू ठेवून केलेल्या ट्रेडमिल चाचणीवरून ठरवितात. चाचणीत ज्या गतीला हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडू लागतो, तिच्या किमान दहा ठोके खाली राहावयाचे असते. चाचणी झालेली नसल्यास डॉक्टरांना विचारूनच प्रारंभ करावा. चालताना सलग वाक्य बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग साधारणतः मध्यम समजावा. वाक्य तुटू लागल्यास तो कमी करावा.

नाडी मोजावयाची झाल्यास थांबताक्षणीच मोजावी, कारण पहिल्या मिनिटातच ती झपाट्याने उतरते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवून पंधरा सेकंदांतील ठोके चौपट करावेत. मोजण्यासाठी स्वतःचा अंगठा वापरू नये. त्यातील स्पंदनामुळे घोटाळा होतो. नाडी अनियमित लागल्यास, तसेच छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ किंवा भोवळ जाणवल्यास, आकडा कोणताही असो, व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.