चाकाचे नट : तेल लावावे की कोरडेच आवळावेत?



खंडेनवमीला ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन, रंगवून, हार घालून आपण गळीत हंगामाला सज्ज होतो. पण फडातला ऊस गव्हाणीपर्यंत सुखरूप पोचायचा तर चाक जागेवर राहिले पाहिजे, आणि चाक राहते ते मूठभर नटांच्या भरवशावर. भरल्या ट्रॉलीचे चाक निखळले तर सांडलेला ऊस पुन्हा भरता येईल. सुटलेले चाक समोरच्या मोटारसायकलवर किंवा बैलगाडीवर गेले तर ते नुकसान कोण भरून देणार?

"गंजू नये म्हणून नटाला ग्रीस चोपडावे का?" असे पुष्कळ सभासद विचारतात. उत्तर समजायचे तर नट आवळताना काय घडते ते आधी पाहू.

बोल्ट पोलादाचा असला तरी आवळताना स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. त्या ताणाने चाकाची तबकडी हबवर घट्ट दाबून बसते. पान्याला आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, त्याहून थोडा कमी आट्यांत जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. तेल-ग्रीस लावले की घासणे कमी होते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. प्रमाणाबाहेर ताणलेली स्प्रिंग परत आखडत नाही, तशी त्या बोल्टाची गत होते. तो ढिला पडतो, नाहीतर तुटतो.

म्हणून नेहमीचा नियम असा : आटे स्वच्छ आणि कोरडे. गाडीच्या पुस्तकात दिलेला जोर बहुधा कोरड्या आट्यांसाठीच असतो. काही अवजड गाड्यांच्या पुस्तकांत आट्यांवर तेलाचा थेंब टाकायला सांगितलेला असतो. तिथे पुस्तकाचे ऐकावे. मात्र निमुळत्या बुडाच्या नटाची बैठक आणि तबकडी व हब यांमधली जागा यांना तेल-ग्रीस लागू देऊ नये. गंजाची भीती असेल तर हबच्या मधल्या गोल कडेला ग्रीसचा पातळ हात पुरे.

आवळण्याची रीत :

1) आटे, हब व तबकडी तारेच्या ब्रशने घासून घ्या. आटे झिजले असतील तर नट-बोल्ट बदला.

2) ताजा रंग खरवडून काढा. नटाखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल होतो. हंगामाआधी रंगवलेल्या ट्रॉल्यांनी हे जरूर पाहावे.

3) नट आधी हाताने फिरवून बसवा. मग समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळा. एकापाठोपाठ एक घेतल्यास चाक तिरके बसते.

4) जॅक उतरवून शेवटचा जोर द्या. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला 20 किलोचा भार दिला की 10 किलोग्रॅम-मीटर जोर होतो. लहान मोटारींना साधारण 9 ते 12 लागतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आकडा पुस्तकात पाहा. पान्याला पाईप लावून वर उभे राहणे हे मोजमाप नव्हे. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट बसवले तरी शेवटी पान्याने तपासा.

5) चाक काढून बसवल्यावर पहिल्या भरल्या खेपेनंतर, मोटार असल्यास 50 ते 80 किलोमीटरनंतर, नट पुन्हा तपासा. बैठक दबून ते थोडे सैलावतात.

काही मालमोटारींच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात असू द्या.

नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, भोकाजवळ धातू घासून चकाकू लागला किंवा भोक लांबट झाले, तर नट सैल आहे असे समजा. अशी ट्रॉली भरू नका. लांबट भोकाची तबकडी नुसती आवळून भागत नाही, ती बदलावीच लागते.

काट्यावर नंबर येईपर्यंत रांगेत वेळ मोकळाच असतो. त्यातली पाच मिनिटे चाकांना द्यावीत, ही सर्व सभासदांना व वाहनचालकांना विनंती.