उडणारा नायक आणि पाहणारा डोळा

चमत्कार पाहण्याची हौस मनुष्यमात्राला फार जुनी आहे. आमच्या भागातील दशावतारी खेळात एकच लाकडी बाकडे घटकेत राजाचे सिंहासन होते आणि घटकेत रथ होतो. ‘ह्या रथाला चाके कोठे आहेत?’ असे कोणी प्रेक्षक विचारीत नाही. कारण खेळाला बसतानाच त्याने नटाशी एक अलिखित करार केलेला असतो. तू मनापासून सांग, मी मनापासून मानीन, असा तो करार होय.

साधने वाढली की ह्या कराराचे काय होते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेत आहोत की जे विद्यार्थ्यांच्या तोंडी नित्य असते, पण वर्गात क्वचितच येते. ते म्हणजे अमेरिकेतील सुपरहीरोंच्या, अर्थात अतिमानवी नायकांच्या, दूरचित्रवाणी मालिका आणि त्यांतील व्हीएफएक्स. व्हीएफएक्स म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे प्रत्यक्ष घडले नाही, ते मागाहून चित्रात घडवून आणणे. मराठीत आपण त्यास ‘दृश्यचमत्कृती’ म्हणू. ‘ह्यातले व्हीएफएक्स अगदीच भिकार आहेत’ असा निकाल आजकाल आठवीतला मुलगाही देतो. हा निकाल कोणत्या पुराव्यावर दिला जातो, हे तपासून पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

थोड्या साधनांचा काळ

सुपरमॅन हा नायक १९३८ साली अमेरिकेतील चित्रकथांतून जन्मास आला. कागदावर माणूस उडविण्यास काही खर्च पडत नाही. शाईची एक रेघ पुरते. पण १९४८ च्या सुपरमॅन चित्रपटमालिकेत खरा नट उडविणे निर्मात्यांस साधले नाही, म्हणून उड्डाणाच्या वेळी त्याच्या जागी हाताने काढलेले व्यंगपटातले चित्र येई. पुढे १९५२ ते १९५८ ह्या काळात जॉर्ज रीव्ह्ज हा नट दूरचित्रवाणीवर सुपरमॅन झाला. प्रथम त्याला तारांनी टांगीत. एकदा तार तुटून तो खाली पडला, तेव्हा निराळी युक्ती काढण्यात आली. लवचिक फळीवरून तो खिडकीबाहेर उडी घेई; आणि आकाशातील दृश्यासाठी अंगाच्या मापाच्या, पोशाखाखाली लपलेल्या पन्हळीवर तो पालथा पडे व मागे ढगांचे चित्र सरकत राही. एकदा घेतलेले तेच उड्डाण पुनःपुन्हा निरनिराळ्या भागांत वापरले जाई. मुलांस ते कळत नसेल असे नाही. पण त्यांची तक्रार नव्हती.

१९६६ ते १९६८ मधील ‘बॅटमॅन’ मालिकेने तर साधनांच्या तुटवड्याचाच विनोद केला. उंच भिंतीवर दोराने चढणारे नायक वस्तुतः जमिनीवर चालत असत. कॅमेरा तेवढा आडवा धरलेला असे. मारामारीत ठोसा बसला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचा आवाज उमटे. पुढे १९७७ च्या सुमारास ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही मालिका सुरू झाली. क्रोध अनावर झाला की त्यातील शास्त्रज्ञाचा हिरवा राक्षस होई. शास्त्रज्ञाची भूमिका बिल बिक्सबी करी, तर लू फेरिग्नो ह्या शरीरसौष्ठवपटूच्या अंगाला हिरवा रंग फासून राक्षस उभा केला जाई. तासाभराच्या भागात हल्क बहुधा दोनदाच प्रकटे. उरलेला सारा वेळ एका एकाकी, परागंदा माणसाची कथा चाले. राक्षस थोडाच वेळ दिसत असल्यामुळे त्याची वाट पाहण्यात गोडी होती, आणि तो गेल्यावर माणसाविषयी करुणा उरत असे.

ह्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. निर्मात्याने आपली मर्यादा ओळखली होती आणि प्रेक्षकाने ती मान्य केली होती. दोघांमधला करार शाबूत होता.

मापदंड बदलला

मग अपेक्षा वाढली कशाने? १९७८ साली ‘सुपरमॅन’ हा भव्य चित्रपट आला. माणूस उडू शकतो ह्यावर प्रेक्षकांचा विश्वास बसेल, अशी त्याची जाहिरातच होती, आणि त्याच्या दृश्यचमत्कृतींना ऑस्करचा खास सन्मान लाभला. पुढे संगणक आला आणि २००८ नंतर तर अतिमानवी नायकांचे अवाढव्य चित्रपट वर्षामागून वर्ष येऊ लागले. चित्रपटगृहात हे पाहिलेला डोळाच घरी येऊन दूरचित्रवाणीपुढे बसू लागला. डोळा तोच राहिला, पण पुढची वस्तू निराळी होती.

ती किती निराळी होती, हे अंकगणिताने पाहू. २०१४ साली सुरू झालेल्या ‘द फ्लॅश’ मालिकेच्या पहिल्या वर्षात २३ भाग होते. प्रत्येक भाग सुमारे ४२ मिनिटांचा धरला, तर एकूण ९६६ मिनिटे, म्हणजे १६ तासांहून अधिक काम झाले. सव्वादोन तासांचे सात चित्रपट एका वर्षात करण्यासारखेच हे झाले. शिवाय एका सेकंदाला सुमारे २४ चित्रे लागतात. नायक दहा सेकंद विजेसारखा धावला, तर कारागिरांस २४० चित्रांवर हात फिरवावा लागतो. प्रत्येक चित्रात पात्राची कड नीट कापली गेली पाहिजे, मागच्या हिरव्या पडद्याच्या जागी नगर बसले पाहिजे, नगरातील उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने चेहऱ्यावर पडला पाहिजे आणि पायाखाली सावली पडली पाहिजे. ह्यांतले एक जरी चुकले तरी डोळ्याला खटकते. काय खटकले ते मात्र पुष्कळदा सांगता येत नाही.

म्हणून शहाणा निर्माता काटकसर करतो. ‘द फ्लॅश’ मधील ग्रॉड नावाचा बुद्धिमान गोरिला प्रथम फार जपून, बहुधा अंधारातून आणि ओझरता दाखविला गेला. २०१५ च्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेच्या दुसऱ्या भागातील एका अरुंद बोळातील मारामारीची रसिकांनी फार वाखाणणी केली. तीत कोणी उडत नाही, काही जळत नाही; कॅमेरा जणू श्वास न घेता पुढेमागे सरकतो आणि दमलेला, धापा टाकणारा नायक भिंतीला टेकून पुन्हा उभा राहतो. ह्यावरून असे दिसते की प्रेक्षक जी भव्यता मागतो, तिच्यामागची खरी मागणी पुष्कळदा संगतीची असते. नायकाला लागले तर दुखले पाहिजे, आणि कथेने स्वतः घालून घेतलेला नियम कथेने पाळला पाहिजे.

२०२१ ची ‘वांडाव्हिजन’ ही मालिका ह्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तिचा पहिला भाग जुन्या अमेरिकन कौटुंबिक मालिकांच्या धर्तीवर, कृष्णधवल रंगात आणि समोर प्रेक्षक बसवून चित्रित केला गेला. हवेत तरंगणारी भांडी तारांनी हलविली गेली. व्हिजन ह्या पात्राचा चेहरा एरव्ही तांबडा. पण कृष्णधवल चित्रात तांबडा रंग हवा तसा उमटत नाही, म्हणून नटाला चक्क निळा रंग लावण्यात आला. जगातील उत्तम संगणक हाताशी असूनही जुनी तार मुद्दाम बाहेर काढली, कारण कथेला ती हवी होती. मात्र ह्याच मालिकेच्या चाहत्यांनी पुढे काय घडणार, कोणता खलपुरुष प्रकटणार, ह्याचे तर्क आठवडेच्या आठवडे लढविले. तो खलपुरुष आलाच नाही, तेव्हा पुष्कळांचा हिरमोड झाला. कथेने जे वचन दिलेच नव्हते, ते मोडल्याचा राग कथेवर काढण्यात आला!

एका हिरव्या वकिलीणबाईंची कथा

२०२२ च्या मे महिन्यात ‘शी-हल्क’ ह्या मालिकेची पहिली झलक प्रसिद्ध झाली आणि जगभर टीकेचा वर्षाव झाला. नायिकेचा चेहरा मेणासारखा आहे, तिला वजन नाही, असे लोक म्हणू लागले. टीका सर्वस्वी खोटी नव्हती. पण काम किती अवघड होते, ते पाहा. १९७७ चा हल्क फारसा बोलतच नसे, आणि तो रंगविलेला खरा माणूस होता. शी-हल्क ही मात्र संगणकावर घडविलेली स्त्री. ती भरदिवसा कचेरीत बसणार, वाद घालणार, हसणार, लाजणार. माणसाचा चेहरा वाचण्यास आपण पाळण्यातच शिकतो, म्हणून त्यातली तीळभर चूकही आपल्याला जाणवते. मासाहिरो मोरी ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९७० सालीच लिहून ठेवले आहे की कृत्रिम आकृती माणसासारखी होत होत अगदी जवळ आली, पण पुरती माणूस झाली नाही, की तिच्याविषयी आपुलकीऐवजी एकाएकी शिसारी वाटू लागते. शी-हल्कला नेमकी हीच दरी ओलांडावयाची होती.

ह्या मालिकेच्या शेवटच्या भागात निर्मात्यांनी स्वतःचीच थट्टा केली आहे. नायिका मालिका रचणाऱ्या यंत्रापुढे जाऊन उभी राहते, तेव्हा ते तिला साध्या रूपात येण्यास सांगते. कारण तिचे हिरवे रूप खर्चिक असून चमत्कृती करणारी मंडळी दुसऱ्या कामावर गेली आहेत! लोक हसले, पण हसण्याखाली सत्य होते.

दोष कोणाच्या माथी?

त्याच वर्षी अनेक कारागिरांनी नाव न देता वृत्तपत्रांतून आपली व्यथा मांडली. काम अफाट, मुदत तोकडी, आणि अगदी अखेरच्या घटकेला वरून बदल सांगितले जातात, असा तिचा आशय होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल ह्या चित्रसंस्थेने थेट नेमलेल्या दृश्यचमत्कृती-कामगारांनी एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने मतदान केले. पडद्यावरचा नायक जगाला वाचवीत असता पडद्यामागचा माणूस रात्री जागत होता, असा ह्याचा अर्थ होतो.

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. चित्रातील पात्रांच्या कडा एकेक करून कापण्याचे जिकिरीचे काम मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई अशा आपल्याच शहरांतून मोठ्या प्रमाणावर चालते. चित्र संपल्यावर जी नावांची लांबलचक यादी आपण न वाचताच उठतो, तीत आपल्याकडील मुलामुलींची नावे असतात. उद्या ह्याच शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याचेही नाव तीत असेल. ‘भिकार’ हा शब्द आपण कोणाला उद्देशून वापरतो, ह्याचा विचार म्हणूनच करावयास हवा. काम फसले तर पुष्कळदा हात चुकलेला नसतो. वेळ दिलेला नसतो.

दोन टोके

येथे आपल्या घरचेही एक उदाहरण सांगणे जरूर आहे. १९९७ ते २००५ ह्या काळात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ गाजला. आम्ही त्याच पिढीतले. त्याच्या चमत्कृती साध्या होत्या, पण मुलांची श्रद्धा इतकी दांडगी होती की शक्तिमान येऊन वाचवील म्हणून मुले जिवावरचे प्रयोग करीत असल्याच्या वार्ता त्या काळी आल्या, आणि अशा गोष्टी करू नका असे मुलांना बजवावे लागले. सारेच खरे मानणे हे एक टोक. प्रत्येक चित्र थांबवून त्यातील खोट शोधीत बसणे हे दुसरे टोक. पहिल्यात जीव धोक्यात पडतो, दुसऱ्यात आनंद आणि न्यायबुद्धी.

मधला मार्ग अवघड नाही. चित्र खोटे आहे हे मनात पक्के ठेवून कथेपुरते ते खरे मानावे. आणि मत देण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत:

१. ही चमत्कृती कथेला हवी होती, की नुसती दिपविण्यासाठी घातली?

२. मला जे खटकले ते नेमके कोणते: उजेड, सावली, वजन, की चेहरा?

३. मी ह्या कामाची तुलना कशाशी करीत आहे, आणि दोहोंना मिळालेला वेळ व पैसा सारखा होता काय?

४. चूक झाली असेल तर ती कारागिराच्या हाताची, की काम ठरविणाऱ्याच्या घाईची?

ह्या प्रश्नांची उत्तरे देऊन जो ‘मला हे आवडले नाही’ असे म्हणेल, त्याच्या मताला आम्ही अवश्य मान देऊ. कारण ती टीका होय. उत्तरे न देता जे उच्चारले जाते, ती केवळ कुरकुर. पालकांनीही मुलांबरोबर एखादा भाग पाहावा, आणि संपल्यावर लगेच उठू नये. पडद्यावरून सरकणारी नावे दोघांनी मिळून थोडा वेळ वाचावीत.