आजारी लेकराच्या मायबापांचा धर्म

भाविक वाचकहो, या पाठात आम्ही घेतलेला विषय ऐकावयास कोणासही गोड वाटणार नाही. तथापि दिंडीत, मुक्कामी, फडावर हाच प्रश्न आम्हांस इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर नीट मांडणे प्राप्त झाले. प्रश्न असा : 'महाराज, आम्ही माळकरी माणसे. कोणाचे वाईट केले नाही, एकादशी चुकविली नाही. मग आमच्याच लेकराला कर्करोग का व्हावा? आणि आता आम्ही करावे तरी काय?'

यात प्रश्न दोन आहेत. 'का झाला' हा एक आणि 'काय करावे' हा दुसरा. पहिल्याच्या मागे लागून दुसरा हातचा निसटतो, म्हणून दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

प्रथम 'का झाला' ते पाहू. घरात असे दुखणे आले की गाव बोलू लागते. कोणी म्हणते आईने ग्रहण पाळले नाही, कोणी म्हणते बापाने नवस फेडला नाही, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो 'पूर्वजन्मीचे संचित' म्हणून मोकळा होतो. अहो, ज्या आईच्या मांडीवर तापाने फणफणलेले पोर आहे, तिच्या कानात हे शब्द घालणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आजचे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते की मुलांच्या बहुतेक कर्करोगांना आईबापांच्या वागण्यातले कारण सापडत नाही. शंभर रुग्ण मुलांपैकी सुमारे दहांच्या ठिकाणी वंशातून आलेला काही दोष आढळतो, बाकीच्यांत तोही नाही. मुलांत सर्वांत अधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. हाडांच्या पोकळीतील मगजात रक्त तयार होते, तेथील एक कच्ची पेशी बिघडते आणि बेसुमार वाढू लागते. हा रोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. म्हणून त्या लेकरापासून इतर मुलांस ओढून दूर नेणे हे अज्ञान होय.

येथे कोणी म्हणेल, 'महाराज, मग कर्मसिद्धान्त खोटा काय?' समाधान असे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायी हाच वाद आला आहे. आयुष्य केवळ दैवाने ठरलेले असते की माणसाच्या यत्नालाही तेथे स्थान आहे? चरकाचार्य दैव आणि पुरुषकार असे दोन्ही मानतात, आणि यत्न बलवान असेल तर दुबळ्या दैवाला तो मागे सारतो असा निर्णय देतात. सर्वच आयुष्य नियत असते, तर औषधांचा आणि वैद्याचा खटाटोप कोणी कशासाठी केला असता? योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामचंद्रांना पौरुषाचाच पक्ष समजावून देतात. कर्मसिद्धान्त आहे तो आपल्या स्वतःच्या दुःखात धीर धरता यावा म्हणून. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखविण्यासाठी तो कोणी सांगितलेला नाही. आईबापांनी ही अपराधाची गाठ मनातून सोडून द्यावी. ती उराशी धरून रुग्णसेवा होत नाही.

आता 'काय करावे'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक् म्हणजे वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे जवळ राहून सेवा करणारा, आणि चौथा स्वतः रोगी. खाटेला चार पाय असतात आणि एक मोडला तरी खाट कलते, तसेच हे. आईबापांना वाटते की सारे डॉक्टरांच्या हाती, आपण काय नुसते बाकावर बसायचे. तसे नव्हे. तिसरा पाद तुम्ही आहात.

पहिल्या दोन पादांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावरील विश्वासावर पुढले सारे अवलंबून आहे. साधारण पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध नव्हते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करीत असत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली औषधे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांना दिली, आणि काही मुलांचा रोग काही काळ तरी मागे हटतो हे १९४८ साली प्रसिद्ध केले. पुढे सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टीन हे औषध निघाले आणि १९६३ पासून ते उपयोगात आहे. होय, तीच सदाफुली, जी आपल्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी बारमाही फुलते. पण म्हणून तिची पाने वाटून लेकराला पाजू नयेत बरे का! झाडात ते द्रव्य अत्यल्प, त्याबरोबर दुसरी विषेही, आणि मात्रेचा काही हिशेब नाही. विष शुद्ध करून, तोलून, लेकराच्या अंगमानाने दिले तरच त्याचे औषध होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत तीसही होत नाहीत. रोग तोच, लेकरे तशीच. मग अंतर कशाने पडते? निदान उशिरा होते, औषध मिळत नाही, आणि उपचार मध्येच सुटतो. पैकी हा शेवटचा दोष बराचसा आपल्या हातातला आहे, आणि तिसऱ्या पादाचे महत्त्व येथेच कळते.

उपस्थात्याचे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. ते एकेक घेऊ.

उपचारज्ञता म्हणजे काय चालले आहे ते समजून घेणे. डॉक्टरांना विचारण्यास लाजू नये. रक्ताच्या कर्करोगाचा नेहमीचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिना-सव्वा महिन्यात पुष्कळ मुलांच्या रक्तातून रोग दिसेनासा होतो, चेहऱ्यावर रंग येतो, पोर खेळू लागते. आणि नेमका हाच क्षण घाताचा! रोग दिसत नाही म्हणजे गेला असे नाही. आमच्या परिचयाच्या एका जोडप्याची सात वर्षांची मुलगी अशीच हसूखेळू लागली. 'बरी झाली की पोर, कशाला तिला सुया टोचता?' असे भाऊबंद म्हणाले, कोणी काढा आणून दिला, आणि मुंबईची फेरी थांबली. काही महिन्यांनी दुखणे उलटले, ते पहिल्याहून दांडगे होऊन. मग सर्वांनी धावाधाव केली, परंतु ती मुलगी राहिली नाही. त्या मायबापांचे प्रेम कमी नव्हते. त्यांना कोणी नीट समजावून सांगितले नव्हते, म्हणून आम्ही येथे सांगतो : डॉक्टर 'संपले' म्हणेपर्यंत उपचार संपत नाही. वारीचा नेम आपण जाणतो. निम्म्या वाटेवर पाय दुखायचे थांबले म्हणून कोणी पंढरी आली असे म्हणत नाही.

दाक्ष्य म्हणजे तत्परता. या औषधांनी रोगाच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीही मरतात. केस गळतात, ते पुन्हा येतात. ओकाऱ्या होतात, त्यावर औषध असते. पण रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या असता ताप आला तर ते मोठे संकट होय. अशा वेळी 'सकाळी पाहू' म्हणू नये. रात्रीचे बारा असोत, सांगून ठेवलेल्या दवाखान्यात त्याच घटकेस निघावे. फाईल, रक्ताचे कागद आणि औषधांची चिठ्ठी एकाच पिशवीत तयार ठेवावी. पैशाची तजवीज हेही दाक्ष्यच. बैल आणि जमीन विकण्यापूर्वी इस्पितळातील समाजसेवा विभागात जाऊन विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास आणि सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते. मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे, तेथे देशभरातून लेकरे येतात. उतरायचे कोठे म्हणाल, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, आणि २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्था अशा मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य सोय करते. गाडगे महाराजांनी देवळे न बांधता धर्मशाळा का बांधल्या, हे फूटपाथवर पोर घेऊन झोपलेल्या बापाला विचारावे.

अनुराग म्हणजे माया. ती आईबापांस शिकवावी लागत नाही, पण तिला वळण लावावे लागते. दुखण्यात नवरा-बायको एकमेकांवर खापर फोडू लागतात. बाप गप्प होतो, आई रडते, आणि दोघांनाही वाटते की दुसऱ्याला काही वाटतच नाही. दोघांनी रोज घटकाभर तरी एकत्र बसून बोलावे. आईने उपास करू नये. ती पडली तर लेकराला कोण उचलणार? घरी राहिलेल्या दुसऱ्या मुलांनाही विसरू नये. 'दादाला बरे नाही, ते तुझ्यामुळे झालेले नाही, आणि आम्ही तुझेही आहोत,' एवढे शब्द त्यांना ऐकू आलेच पाहिजेत.

शौच म्हणजे स्वच्छता, आणि येथे आम्हांस वारकऱ्यांशी थोडे कठोर बोलावे लागणार. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना लेकराला आषाढीच्या गर्दीत नेऊ नये, चंद्रभागेचे तीर्थ तोंडात घालू नये, चार जणांच्या हातून आलेला प्रसाद किंवा अंगारा देऊ नये. यात तीर्थाचा अवमान नाही. तीर्थ आईने आपल्या डोळ्यांना लावावे, लेकराला मात्र उकळून गार केलेले पाणीच द्यावे. नवस बोललाच असेल तर तो उपचार संपल्यावर, डॉक्टरांना विचारून फेडावा. पांडुरंगाला घाई नाही.

आता चौथा पाद, स्वतः रोगी. त्याचेही चार गुण सांगितले आहेत : स्मरण असणे, सांगितलेले ऐकणे, न भिणे, आणि आपले दुखणे सांगता येणे. लहान लेकराच्या ठिकाणी हे गुण यावेत कसे? आईबापांनी खरे बोलल्यानेच. 'सुई टोचणारच नाहीत' असे सांगून आत नेले आणि पाठीत सुई गेली, की त्या दिवसापासून ते लेकरू कोणाचेच ऐकत नाही. त्यापेक्षा सांगावे, 'बाळा, दुखेल, थोडा वेळ दुखेल, मी तुझा हात धरून बसते.' रोगाचे नावही त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावे. मुले भिंतीआडचे कुजबुजणे ऐकतात, आणि न सांगितलेले त्यांना सांगितलेल्याहून अधिक भिववते.

येथे आमच्या सांप्रदायिकांतून एक शंका येते. गोरोबाकाकांनी भजनाच्या तंद्रीत लेकरू तुडविले तरी त्यांना भान नव्हते. मग भक्ताने लेकरासाठी एवढे व्याकूळ व्हावे काय? अहो, ही कथा शेवटपर्यंत वाचावी. पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात गोरोबांचे हात परत आले आणि ते लेकरूही रांगत आईकडे आले. म्हणजे त्या माउलीचा आकांत देवाने ऐकला, तिला 'मोह सोड' म्हटले नाही. ती कथा देहभान विसरलेल्या भक्ताची आहे. तिच्यावरून लेकराकडे पाठ फिरविण्याची आज्ञा काढणे हा अर्थाचा अनर्थ होय.

आणखी एक माळकरी बाप आम्हांस विचारीत होता, 'महाराज, औषधाची तारीख ऐन आषाढीत आली. माझी वारी चुकणार. काय करू?' आम्ही त्याला म्हटले, पुंडलिकरायाने काय केले? दारी देव उभा असताना तो मायबापांच्या सेवेतून उठला नाही, वीट पुढे टाकून 'थांब' म्हणाला, आणि देव थांबला. तेथे लेकरू मायबापांची सेवा करीत होते, तुझ्या घरी मायबाप लेकराची करीत आहेत. सेवा तीच. तू खाटेपाशी बस.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती टाळणे खोटेपणाचे होईल. सारे नीट करूनही काही लेकरे राहत नाहीत. डॉक्टर 'आता रोगावर इलाज उरला नाही' म्हणाले, तरी वेदनेवर इलाज उरतो, आणि तो आग्रहाने मागावा. वेदना शमविणारी औषधे असतात, ती देणारे वैद्यही असतात. उपस्थात्याचे चार गुण त्या दिवसांतही तसेच लागू आहेत. आणि अशा मायबापांच्या घरी जाल तेव्हा, वाचकहो, तत्त्वज्ञान सांगू नका. भाकरी घेऊन जा, घरातल्या दुसऱ्या लेकरांना आंघोळ घाला, जवळ बसा. त्यांना लेकराचे नाव काढावेसे वाटले तर काढू द्या. असो.