मोठी एक्सएमएल फाईल आणि संगणकाची दमछाक

आपले बरेच कापड व्यापारी बांधव आता रोजमेळ आणि खतावणी टॅलीवर ठेवतात. हा हिशेब दुसऱ्या प्रोग्राममध्ये न्यायचा झाला की तो बहुधा एक्सएमएल फाईल करून बाहेर काढतात. व्हाउचर पन्नास हजारांवर गेले की संगणक अडतो आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "शेठ, नवी मशीन घ्या." आमचे म्हणणे असे की, पैसे मोजण्याआधी प्रोग्राम फाईल वाचतो कसा, एवढे विचारून घ्यावे.

एक्सएमएलमध्ये प्रत्येक नोंद उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या खुणांमध्ये असते. ती वाचण्याची एक रीत डॉम. यात सारी फाईल वाचून तिचे झाड मेमरीत उभे करतात. एक तागा मोजायला गोदामातल्या सगळ्या गाठी दुकानात आणून फोडाव्यात, तसाच हा प्रकार! झाड फाईलच्या कितीतरी पट जागा खाते. लहान फाईलला मात्र हीच रीत सोयीची, कारण मागेपुढे पाहता येते.

दुसरी रीत सॅक्स, १९९८ सालची. खूण उघडली, मजकूर आला, खूण मिटली, एवढेच ती क्रमाने कळवते. एक व्हाउचर पुरे झाले की नोंदवावे आणि सोडून द्यावे. फाईल दहापट झाली तरी मेमरी जवळपास तेवढीच लागते. वेळ वाढतो, तो वाढणारच.

पायथन भाषेत इटरपार्स ही मधली वाट आहे. पण ती आतल्या आत झाड बांधतच असते. काम झालेले व्हाउचर रिकामे करून मूळ झाडापासून तोडले नाही, तर मेमरी पुन्हा भरते. प्रोग्राम लिहिणारे नेमके हेच विसरतात.

खरा धोका पुढे आहे. एक्सएमएलचा नियम कडक. मिटणारी एक खूण राहिली, किंवा पेढीच्या नावातले इंग्रजी 'अँड'चे चिन्ह ठरल्या रीतीने लिहिले नाही, तर वाचन तिथेच थांबते. डॉममध्ये चूक आधी कळते, एकही नोंद चढत नाही. सॅक्समध्ये तोवर निम्मे व्हाउचर खात्यात गेलेले असतात. फाईल दुरुस्त करून पुन्हा चालवली की तीच बिले दुसऱ्यांदा चढतात आणि पार्टीची उधारी दुप्पट दिसते. म्हणून नोंदी आधी कच्च्या तक्त्यात घ्याव्यात. शेवटची खूण मिटली, व्हाउचरची संख्या आणि रकमेची बेरीज टॅलीशी जुळली, की मगच पक्क्या खात्यात टाकाव्यात.