साथीच्या काळातील नियोजित शस्त्रक्रिया

साथ पसरली म्हणजे तातडीच्या नसलेल्या सर्व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, हा उपाय प्रथमदर्शनी शहाणपणाचा वाटतो. २०२० सालच्या कोविड साथीत अनेक देशांनी तोच अवलंबिला. मोतीबिंदू काही महिने थांबू शकतो. कर्करोगाची गाठ मात्र वाढतच राहते.

दुसऱ्या बाजूचा धोकाही लहान नव्हता. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविडचा संसर्ग झालेल्या, २४ देशांतील ११२८ रुग्णांची पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा तीस दिवसांच्या आत दगावला होता. यांत तातडीच्या शस्त्रक्रियांचे रुग्ण बहुसंख्य होते हे खरे. तरीही हे प्रमाण भयावहच म्हटले पाहिजे. जखमेच्या वेदनेमुळे रोगी दीर्घ श्वास घेण्यास व खोकण्यास कचरतो; त्यामुळे फुप्फुसांचा तळाचा भाग नीट फुगत नाही व तेथे कफ साचतो. अशा दुबळ्या फुप्फुसांवर विषाणूचा आघात झाला, तर तो सोसणे कठीण जाते.

तेव्हा रुग्णालयातच संसर्गमुक्त अशी वेगळी वाट राखणे इष्ट ठरते. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता कक्ष व नंतरचा वॉर्ड ही तिन्ही स्थळे कोविडच्या रुग्णांपासून पूर्णपणे अलग हवीत. केवळ शस्त्रक्रियागृह वेगळे ठेवून भागत नाही. रोगी तेथे काही तास असतो, वॉर्डात मात्र कित्येक दिवस. दाखल होण्यापूर्वीची नाकातील स्रावाची तपासणी आवश्यक खरी, पण पुरेशी नव्हे. कारण तीतून काही बाधित निसटतात.

या व्यवस्थेचा उपयोग किती? ५५ देशांतील ४४७ रुग्णालयांत कर्करोगाची नियोजित शस्त्रक्रिया झालेल्या ९१७१ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्येच झाला. अलग व्यवस्थेत फुप्फुसांचे उपद्रव शेकडा २.२ रुग्णांना झाले, इतरत्र ४.९ रुग्णांना. अलग व्यवस्थेतील रुग्ण काहीसे तरुण व धडधाकट होते. परंतु तेवढा हिशेब करूनही फरक उरलाच. खेदाची गोष्ट ही की, अशी व्यवस्था चारांपैकी जेमतेम एका रुग्णाच्या वाट्यास आली.

शस्त्रक्रिया चालू ठेवता येतात, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, म्हणजे ऐन टाळेबंदीत, कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या व त्यांनंतर एकही मृत्यू नोंदला गेला नाही. रुग्ण बहुतांशी साठीच्या आतले होते, हेही ध्यानात ठेवावे.

जेथे शस्त्रक्रियागृह एकच, तेथे एका छपराखाली दोन वाटा काढता येत नाहीत. तेथे एक रुग्णालय साथीच्या रोग्यांसाठी व दुसरे शस्त्रक्रियांसाठी, अशी वाटणी आधीच ठरवावी लागते. आणि परिचारिकांच्या पाळ्याही त्याच वाटणीने लावाव्या लागतात.