खोक्यातला पाहुणा घरी आणण्यापूर्वी

कुंभवली नाक्यावरून बोईसर स्टेशन गाठायचे, चर्चगेटची गाडी पकडायची आणि लग्नाकार्याची, सणासुदीची खरेदी उरकून रात्री परतायचे, हा आपल्याकडच्या अनेक कुटुंबांचा नेहमीचा परिपाठ. त्यात क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईला गेले, की मुलांचे पाय पिंजऱ्यांपाशी थबकतात. पांढराशुभ्र ससा, जोडीने बसलेले हिरवे-पिवळे पक्षी, काचेच्या भांड्यात रुपयापेक्षा जेमतेम मोठे कासव! मूल हट्ट धरते, दुकानदार किंमत थोडी उतरवतो, गाडीची वेळ होत आलेली असते. पाच मिनिटांत सौदा होतो आणि भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके मांडीवर घेऊन मंडळी गाडीत बसतात.

पुढे काही दिवसांनी त्यांतलेच एखादे मूल ताप आणि जुलाबाने बेजार होऊन दवाखान्यात येते. बाहेरचे काय खाल्ले, पाणी कुठले प्यायले, हे सगळे विचारून होते. घरात काही पाळले आहे का, असे विचारल्यावर आई म्हणते, "छोटंसं कासव आहे हो डॉक्टर, पण ते कुणाला चावत नाही."

चावण्याचा येथे प्रश्नच नाही. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव मात्र ठणठणीत दिसते. जंतू विष्ठेतून भांड्याच्या पाण्यात उतरतात, कवचाला लागतात आणि मुलाच्या बोटांवरून तोंडात जातात. तेच भांडे आपण स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतो, तेव्हा शेजारच्या ताटवाट्याही त्यातून सुटत नाहीत. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना हा आजार जड जातो. अमेरिकेत मुलांच्या आजारपणामुळे १९७५ सालीच चार इंचांहून लहान कवचाचे कासव विकण्यावर बंदी घातली गेली. मूल सहज तोंडात घालील एवढे लहान, हेच त्यामागचे कारण. आठवडे बाजारात आणि जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगाने रंगवलेली कोंबडीची पिल्ले मिळतात, त्यांच्याकडूनही हाच जंतू येऊ शकतो.

कासवाचे दुसरे दुखणे त्याच्या वाढीचे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे परदेशी कासव वाढून ताटाएवढे, पंचवीस-तीस सेंटिमीटरचे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. चाळीतल्या दोन खोल्यांत त्याला ठेवायचे कुठे? मग एके दिवशी पुण्याचे काम म्हणून त्याला गावच्या तळ्यात सोडले जाते. तेथे ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे, हे सोडणाऱ्याला कुठले माहीत असणार!

सशाची गोष्ट निराळी. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली दुपारी बंद पिंजऱ्यात ठेवलेला ससा तासा-दोन तासांत दगावू शकतो. गाजर खाणारा ससा हा चित्रांच्या पुस्तकातला. खऱ्या सशाचे मुख्य अन्न गवत, कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. शिवाय नर-मादीची जोडी आणली, तर महिन्याभरात पिल्ले! गिनीपिगला आपल्याप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोजच्या ताज्या पाल्यातून मिळाले नाही तर सांधे दुखतात, रक्त येते. सशाच्या किंवा गिनीपिगच्या अंगावरचे केस चकत्यांनी गळू लागले, तर तो गजकर्ण असू शकतो आणि मुलांच्या हातांवरही उमटतो.

पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा कागद बदलताना कोरडी विष्ठा झाडू नये, पाणी शिंपडून ओली करावी. तिच्या धुळीतून न्यूमोनियासारखा एक आजार होतो. त्यावर औषध आहे, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना कळायला तर हवे. आपला नेहमीचा हिरवा पोपट विकणे आणि पाळणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तारांकित कासवाचेही तेच.

दोष एकट्या गिऱ्हाईकाचा नाही. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, खरेदी-विक्रीची नोंद ठेवायला हवी. आठ आठवड्यांच्या आतले कुत्र्याचे वा मांजराचे पिल्लू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर कोणताच प्राणी विकता येत नाही. नोंदणीचा दाखला दाखवा म्हणावे. कुरकुर करील त्याच्याकडून घेऊ नये. माझ्या मते चांगला दुकानदार तो, जो आधी तुमच्या घराची चौकशी करतो, दिवसभर घरी कोण असते ते विचारतो आणि वेळप्रसंगी गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने परत पाठवतो. असे दुकानदार थोडे आहेत, पण आहेत.

यावर आमचा साधा तोडगा असा, की पहिल्या फेरीत फक्त पाहून यावे. घरी आल्यावर पिंजऱ्याची जागा, रोजचा चारा आणि गावी गेल्यावर सांभाळणारे शेजारी ठरवावेत. सशाचे दात तपासणारा पशुवैद्य जवळ कुठे आहे, याचीही चौकशी करावी, कारण गुरांच्या दवाखान्यात त्याची सोय असेलच असे नाही. एवढे करून महिन्याने मुलाचा हट्ट टिकला, तर जरूर आणावा. बहुतेक हट्ट तोवर सायकलवर गेलेले असतात.

ज्यांच्या घरी खोके आधीच आले आहे त्यांनी प्राण्याला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत, भांडे न्हाणीघरात वेगळे धुवावे आणि लहान मुलाला कासव हाताळू देऊ नये. कुत्रा किंवा मांजर चावले वा ओरबाडले, तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ससा चावल्यास जखम तशीच धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल विचारावे. प्राणी नकोसा झाला, तर तळ्यात वा रानात न सोडता, सांभाळू शकेल असे माहितीचे घर त्याच्यासाठी शोधावे.